ज्यांना बरं वाटलं नाही, त्यांचं काय? चंगाई सभांच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
चंगाई व आशीर्वाद सभांच्या संयोजक समित्या,
आणि या सभांना आपली आवारं देणारे पाळक व पंचकमिट्या

प्रभू येशूच्या नावात सलाम.

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की आपल्याकडे चंगाई सभांचा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभांचा, मोसम सुरू होतो. बसस्थानकासमोर, मिशन कंपाउंडच्या भिंतीवर, रिक्षांच्या पाठीवर फ्लेक्स झळकू लागतात. यंदाचा तुमचा फ्लेक्स मी उभं राहून नीट वाचला. मध्ये पाहुण्या वक्त्यांचा सुटाबुटातला फोटो, खाली तीन रात्रींच्या तारखा आणि लाल अक्षरांत आश्वासनं: कर्ज फिटेल, कूस उजवेल, व्हिसा मिळेल, असाध्य रोग पळतील. वधस्तंभ कुठे आहे ते मात्र शोधावं लागलं. होता, उजव्या कोपऱ्यात, प्रायोजकांच्या नावांशेजारी.

मी कोण, ते आधी सांगते. आयुष्यभर नर्सिंग केलं, त्यातली बरीच वर्षं मिशन हॉस्पिटलांत. आता निवृत्त आहे, आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीवर आहे, आणि कुणी आजारी पडलं की पाळकसाहेबांबरोबर घरभेटीला जाते. सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाची, पदवी माझ्याकडे नाही. शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र लहानपणापासून वाचत आलेय, आणि तुमच्या सभांतून घरी गेलेली माणसं चौथ्या-पाचव्या दिवशी कशी असतात ते मला जवळून दिसतं. तुम्हाला दिसत नाही, कारण तोवर मांडव उतरलेला असतो.

दोन गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट करते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नये असं माझं म्हणणं नाही. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रात सरळ लिहिलंय. मी स्वतः ऑपरेशन थिएटरच्या दाराशी कितीतरी जणांचे हात धरून प्रार्थना केली आहे, आणि डॉक्टरांनी आशा सोडलेले पेशंट चालत घरी जाताना पाहिले आहेत. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. दुसरं असं, की सध्या ख्रिस्ती सभा म्हटली की धर्मांतराची आरोळी ठोकत येणारे आणि प्रार्थनेला जमलेल्या गरीब बायाबापड्यांना दमदाटी करणारे लोक आहेत. त्यांच्या हाती कोलीत द्यावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. आपल्या घरातलं आपण घरात बोलायला हवं होतं. ते होत नाही, म्हणून उघड लिहावं लागतंय.

गेल्या मोसमातल्या एका सभेत खुर्च्यांवर ठेवलेलं पाकीट अजून माझ्या शास्त्रात आहे. गुळगुळीत पिवळा कागद. वर छापलंय, ‘विश्वासाचं बियाणं’. खाली खूण करायचे चौकोन: नोकरी, विवाह, संतान, कर्जमुक्ती, घर, परदेशगमन, आजार. त्याखाली रकमेचे चौकोन, सगळ्यात लहान रक्कम पाचशे एक. मागच्या बाजूला क्यूआर कोड आणि मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन, आकाशकपाटं उघडून आशीर्वादाची रेलचेल करण्याचं. मोबाइल नंबरासाठी दहा घरं आखलेली होती. कोणता आजार आहे ते लिहायला जागा नव्हती, आणि पावती म्हणून फाडून द्यायचा भागही कुठे दिसला नाही.

मलाखीचं दहावं वचन छापलंत, तर पाचवंही छापायचं होतं. त्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवांना आणि अनाथांना गांजणारे यांच्याविरुद्ध मी स्वतः साक्षीला उभा राहीन. आणि त्या दहाव्या वचनात मागितलेला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, जायचा कुठे? ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात व्यवस्था दिली आहे: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश वेशीच्या आत साठवायचा, आणि ज्याला वतन नाही तो मंदिरसेवा करणारा लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा. म्हणजे विधवेच्या ताटात पडायचं धान्य होतं ते. तुमच्या मांडवात विधवाच पदराची गाठ सोडून पाकिटात घालत असते. मंदिरात दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्ट तुम्ही अर्पणाच्या वेळी नेहमी सांगता. मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो. ते वाक्य मी कुठल्याही अर्पणाच्या वेळी ऐकलेलं नाही.

तुमच्या आवडीचं दुसरं वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो’ हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं, लग्नाच्या पत्रिकेवर असतं, हल्ली नव्या गाडीच्या काचेवरही असतं. हे वचन मलाही प्रिय आहे. पण ते पाठवलं गेलं बाबेलात (बॅबिलोनात) धरून नेलेल्या कैद्यांना, आणि त्याच पत्रात एक वाक्य आधी लिहिलंय की सुटकेला सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परक्या मुलखातच मेले असणार. त्यांना यिर्मया सांगतो: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात कैदी आहात त्याच शहरासाठी प्रार्थना करा.

याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय मला तुम्हाला मुद्दाम वाचायला सांगायचा आहे. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. मंदिरात सगळ्यांसमोर तो जाहीर करतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिरातून नेलेली पात्रं परत येतील, लोक परत येतील. परमेश्वराच्या नावानंच म्हणतो. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडूनही दाखवतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयासुद्धा आधी ‘आमेन, परमेश्वर तसंच करो’ म्हणतो. वाईट बातमी सांगण्यात त्याला काही सुख नव्हतं. पण शेवटी त्याला म्हणावं लागतं की हनन्या, परमेश्वरानं तुला पाठवलेलं नाही, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोस. तुमच्या वक्त्यांच्या तोंडी यिर्मयाची वचनं असतात, भाषण मात्र हनन्याचं असतं.

आता त्या चौथ्या-पाचव्या दिवसाबद्दल. आमच्या भागात एक बाई आहेत, चार घरची धुणीभांडी करतात. मधुमेह जुना, इन्सुलिनवर आहेत. घरात फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या मडक्यात ठेवायची हे मीच त्यांना शिकवलं होतं. एका सभेत त्या पुढे गेल्या. डोक्यावर हात ठेवला गेला, स्वयंसेवकानं माइक तोंडाशी धरला आणि विचारलं, ‘बरं वाटतंय ना?’ हजार माणसं टाळ्या वाजवत असताना ‘नाही’ कोण म्हणेल? त्या म्हणाल्या, बरं वाटतंय. वरून सांगण्यात आलं की चंगाई मिळाल्यावर सुई टोचणं म्हणजे अविश्वास. मी घरी गेले तेव्हा मडक्यातली बाटली जशीच्या तशी होती, बाई पाण्यामागून पाणी पीत होत्या आणि माझ्या ग्लुकोमीटरवर आकडा उमटेना, नुसतं ‘हाय’. म्हणजे साखर सहाशेच्या वर. उजव्या पायाचं करंगळीजवळचं बोट काळं पडलं होतं. ते पुढे काढावं लागलं.

बोटाचं दुःख बाईंनी पचवलं. जे पचलं नाही ते वेगळं. सभेच्या मंडळींपैकी कुणीतरी फोन करून विचारलं होतं, साक्ष दिल्यावर मनात शंका आली होती का? घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का? वॉर्डात ड्रेसिंग करून घेताना त्या हळूच म्हणाल्या, ‘सिस्टर, माझाच विश्वास कमी पडला.’

माझी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे. पैशाचं पाकीट, सूट, विमानं हे सगळं त्यामानानं किरकोळ. बरं वाटलं तर वक्त्याचा अभिषेक (आत्म्याचं सामर्थ्य), नाही वाटलं तर पेशंटचा अविश्वास. या मांडणीत तुम्ही कधीच चुकत नाही. आजारपण तर तिच्या अंगावर होतंच, त्यावर तुम्ही अपराधही चढवलात. आणि ज्या देवाकडे तिनं रडत जायचं, तोच तिच्यावर नाराज आहे असं तिच्या मनात भरवलंत. त्या रात्री ती प्रार्थना तरी कशी करणार?

सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी नेमकं हेच केलं होतं. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांची सुरुवात चांगली होती. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी कसं बसावं याचा इतका चांगला पाठ शास्त्रात दुसरीकडे नाही. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का? तुझ्या मुलांनी पाप केलं असेल. तू देवाकडे वळ, म्हणजे तुझी भरभराट होईल. ही भाषणं तुमच्या मांडवात वाचली तर कुणाला शंकाही येणार नाही. पण पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा राग भडकतो तो या तिघांवर, आणि देवाशी भांडणाऱ्या, आपल्या जन्मदिवसाला शाप देणाऱ्या ईयोबाबद्दल तो म्हणतो की हा माझ्याविषयी यथार्थ बोलला.

येशूपुढेही हा प्रश्न आला होता. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? दोघांचंही नाही, असं उत्तर मिळालं. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हाही त्यानं विचारलं: ते यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? उत्तर पुन्हा ‘नाही’ असंच. इतकं स्वच्छ उत्तर मिळूनही दोन हजार वर्षांनी आपले स्वयंसेवक फोनवर पापाची चौकशी करतात, याला काय म्हणावं?

प्रेषित पौलाचं तर तुमच्या व्यासपीठावर काही खरं नव्हतं. त्याच्या अंगाचे रुमाल नेऊन ठेवले तरी आजारी बरे होत असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याच पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडून पुढे जावं लागलं. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यावर त्यानं पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि उत्तर मिळालं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा निघाल्याचं पुढे कुठेही लिहिलेलं नाही. ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे वाक्य त्यानं बेड्यांत असताना लिहिलं, आणि आधीच्या ओळीत त्या ‘सर्वकाही’चा अर्थही दिला: पोट भरलेलं असो की उपाशी, दोन्हीत राहायला मी शिकलोय. योहानाच्या तिसऱ्या पत्रातली ‘तुझं सर्व बाबतींत कुशल असो’ ही गायसाला दिलेली शुभेच्छा आहे, आपण पत्राच्या वरती ‘सर्व क्षेमकुशल असो’ लिहितो तशी. तिच्यावर आख्खा सिद्धान्त उभारायचा?

हा सिद्धान्त आपल्या मातीतला नाही, हेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ई. डब्ल्यू. केन्यन यांनी मनात धरावं आणि मुखानं बोलावं ते घडतं असं शिकवायला सुरुवात केली. केनेथ हेगिन यांनी त्याची चळवळ केली, ओरल रॉबर्ट्स यांनी ‘बियाण्या’चा अर्पणाशी सांधा जोडला, आणि टीव्हीनं ते जगभर नेलं. 2015 मध्ये क्रेफ्लो डॉलर या अमेरिकन पास्टरांनी साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी अनुयायांकडे देणग्या मागितल्या. याच डॉलरांनी 2022 मध्ये आपल्याच मंडळीसमोर कबूल केलं की दशमांशाबद्दल आपण वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं. बेनी हिन तर तुम्हाला चांगलेच आठवत असतील. 2004 मध्ये मुंबईत आणि 2005 मध्ये बंगळुरात त्यांच्या सभांना लोटलेली गर्दी तुमच्यातले काही जण अजून सांगतात. त्यांनीही 2019 मध्ये जाहीरपणे म्हटलं की शुभवर्तमानाला किंमत लावणं हा पवित्र आत्म्याचा अवमान आहे आणि यापुढे आपण तसं करणार नाही. ते पुढे या बोलण्याला किती जागले, यावर वाद आहेत. पण ज्यांचं बघून तुम्ही पाकिटं छापलीत, त्यांनाच ती छापल्याची लाज वाटली आहे. तुमच्यापर्यंत ही बातमी आली नाही, की आली आणि बाजूला ठेवलीत?

केट बोलर या ड्यूक विद्यापीठात ख्रिस्ती इतिहास शिकवतात. याच शिकवणीचा इतिहास त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासला, त्यावर पुस्तक लिहिलं आणि 2015 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना आतड्याच्या चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगाचं निदान झालं. एक शेजारीण दारात येऊन त्यांच्या नवऱ्याला म्हणाली, प्रत्येक गोष्टीमागे काही कारण असतं. नवरा म्हणाला, माझी बायको मरतेय त्याचं कारण ऐकायला मला आवडेल. शेजारीण गडबडून गेली. मला तो नवरा फार जवळचा वाटतो.

लांब कशाला जायचं? पुण्याजवळ केडगावला चला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली झालेलं आत्मिक संजीवन तुम्ही दर सभेत सांगता. रात्र-रात्र चाललेली प्रार्थना, अश्रू, आत्म्याचा वर्षाव. ते घडलंच, आणि त्याचा वारसा सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पण वारसा सांगायचा तर सगळा सांगा. दुष्काळात रमाबाईंची आई गेली, वडील गेले, बहीण गेली. उपाशी फिरताना घरात होतं-नव्हतं ते देवदेवस्की, दानधर्म आणि अनुष्ठानांवर घालवलं, या आशेनं की देव प्रसन्न होऊन काही देईल, आणि काही मिळालं नाही, हे रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. (देवाशी असा सौदा कुठल्या एकाच धर्मात होतो असं मला म्हणायचं नाही. आपल्या मांडवात तो होतोय, हाच तर माझा मुद्दा आहे.) मग 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला, कडेवर तान्ही लेक मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येत होतं, म्हणून ते शिक्षण झालं नाही.

आणि ते ऐकू येणं काही परत आलं नाही. ज्या मुक्तीत शेकडो मुली गुडघ्यांवर आल्या, तिथल्या बाईंचे कान शेवटपर्यंत अधूच राहिले. तुमचे स्वयंसेवक असते तर त्यांना विचारलं असतं, बाई, कबूल न केलेलं काही आहे का?

1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी गाड्या भरून मुली आणल्या होत्या, सांगाडे नुसते, अंगभर खरूज. पुढे 1900 च्या सुमारास मुक्तीत दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. त्यांना अन्न मिळालं, कपडा मिळाला, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला आणि मागावर विणायला शिकवलं गेलं. तुझा विश्वास किती, असा प्रश्न विचारून कुणाला भाकरी वाढली गेली नाही. ज्या बाईच्या स्वतःच्या आयुष्यात इतकी माणसं गेली, तिनं दुःखाचं स्पष्टीकरण देत बसण्याऐवजी दुष्काळातून पोरी उचलल्या. नारायण वामन टिळकांच्या घरातही पैसा कधी टिकला नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरीच सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. त्यांची पदं तुम्ही सभेच्या सुरुवातीला म्हणता. त्यांना तुमच्या साक्षीच्या रांगेत उभं राहायला कुणी दिलं असतं का, मला शंका आहे.

आता तुमची बाजूही मांडते, कारण ती खरी आहे. लोक तुमच्याकडे उगीच येत नाहीत. आपल्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरून आलेले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये तो मिळाला, आपल्याला नाही. जात मात्र गावानं कधी विसरू दिली नाही. अशा घरातल्या पोरानं नोकरी मागितली, पक्कं घर मागितलं, तर त्यात पाप काय? देवानं आपलं बरं करावं ही मागणी आपण रोजच्या भाकरीच्या प्रार्थनेतच शिकलोय. ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांनी गरिबाला ‘दुःखात धन्यता मान’ म्हणून सांगणं हा दुसऱ्या टोकाचा ढोंगीपणा आहे, आणि तो आमच्या जुन्या मंडळ्यांत भरपूर झाला. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला ‘आपला वधस्तंभ उचल’ म्हणून परत पाठवणारे मंडळीतले वडीलधारे मी पाहिले आहेत. येशूनं वधस्तंभ स्वतः उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर नेऊन ठेवला नाही. आणि दुखणं, भूक, अन्याय समोर दिसला तिथे तो दूर करायलाच धावला.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी महिना-महिना जात नाही. उपासना वेळेवर सुरू आणि वेळेवर संपते, रडायला जागा नाही. तुमच्या मांडवात निदान कुणी डोक्यावर हात तरी ठेवतं, नाव विचारतं, बरोबर रडतं. त्या हाताची भूक आम्ही भागवली नाही, म्हणून माणसं तुमच्याकडे आली. हे मी आमच्या कमिटीतही बोलले आहे आणि तिथेही ते कुणाला फारसं आवडलं नाही.

पण स्तोत्रसंहितेत रडायला किती जागा आहे बघा. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसावं स्तोत्र येशूनं वधस्तंभावर म्हटलं. त्याचा विश्वास कमी पडला होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, पुढे आशीर्वादाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात आहे, म्हणजे देवानं ते ऐकून ठेवून घेतलंय. कॅथलिक बांधवांकडे पोप जॉन पॉल दुसरे यांचं दुःखाविषयीचं 1984 चं प्रेषितीय पत्र आहे. गोळ्या लागून मरणाच्या दारातून परतलेल्या माणसानं ते लिहिलंय, आणि त्याच्या शेवटाकडे त्यांनी येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याकडे बोट दाखवलंय: दुःख समोर आलं की वाटेत थांबायचं, जखमा बांधायच्या, खर्च करायचा.

आपल्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसानं ते कसं केलं, ते मिरजेत जाऊन बघावं. 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे दवाखाना उभा केला, मग कुष्ठरोग्यांसाठी आसरा, पुढे वानलेसवाडीचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. ज्यांना कुणी शिवत नव्हतं त्यांना शिवणारे हात होते ते. नगरचं बूथ हॉस्पिटल घ्या. 2020-21 मध्ये कोविडचे पेशंट तिथे ओळीनं भरती होत होते आणि तुमचे चंगाईचे मांडव बंद होते. कायद्यानंच बंद होते, मान्य. पण त्या काळात एखाद्या वक्त्यानं पीपीई किट चढवून वॉर्डात हात ठेवायला यायची तयारी दाखवल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एवढंच: तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरतं, आणि मधुमेह-कर्करोग मंत्रानं बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. पोलिसांनी आपल्याला हे शिकवायची वेळ यावी असं मला वाटत नाही.

तर माझ्या मागण्या. पाळकसाहेब, आवार तुमचं आहे, तेव्हा या तुमच्याकडेच. अर्पणाचं पाकीट साधं ठेवा, कोरं, चौकोनांशिवाय, आणि जमाखर्च सभा संपल्यावर मंडळीच्या फलकावर लावा. माइकवर साक्ष घ्यायची तर डॉक्टरचा कागद बघून, पुढल्या महिन्यात घ्या, त्याच मिनिटाला नको. आणि ज्यांना बरं वाटलेलं नाही अशांपैकी एकाला तरी बोलू द्या: डायलिसिसवर असलेला, मूल न झालेला, लेक गमावलेला. तो काय सांगेल हे मला ठाऊक नाही. कदाचित नुसता रडेल. रडू द्या. मंडळी त्याच्यासोबत सात मिनिटं गप्प बसली तरी अलीफज-बिल्ददांच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपण पोचलो म्हणायचं.

शेवटची मागणी तातडीची आहे, कारण तारखा जाहीर झाल्यात. पहिल्याच रात्री, प्रार्थनेला सुरुवात होण्याआधी, वक्त्यांनी स्वतः माइकवर सांगावं: इन्सुलिन, बीपीची गोळी, फिटची गोळी, टीबीचा कोर्स, यातलं काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. तीन रात्री तेच सांगावं. आम्ही चार-पाच निवृत्त नर्सा फाटकाशी एक टेबल टाकायला तयार आहोत. साखर आणि बीपी फुकट तपासू, ज्याला लागेल त्याच्यासाठी प्रार्थनाही करू. मशीन आमचं, पट्ट्यांचा खर्च आमचा. तुमच्याकडून फक्त एक विजेचा पॉइंट, दोन खुर्च्या आणि लेखी परवानगी हवी. सभा शुक्रवारी सुरू होतेय, तेव्हा बुधवारपर्यंत कळवलंत तर पट्ट्यांचा डबा मागवता येईल.

प्रभूमध्ये तुमची बहीण,
एक निवृत्त परिचारिका